मडीचं पाणी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर, दि. ९ जानेवारी १९८३

ती. अक्कास धाकट्या रेवणसिद्धाचे शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. पत्राला उशीर झाला, कारण माझे मन. गेल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला तेव्हापासून ते ठिकाणावर नाही. सत्काराचा प्रकार तुला ठाऊकच आहे. मंडपाला कापड माझ्या दुकानचे, आणि व्यासपीठावर खुर्ची मिळाली भुसारवाल्या गुंडप्पाला. मी मागे, खांबाआड. त्या दिवसापासून रात्री डोळा लागत नाही. गिऱ्हाईक पाच मीटर मागते आणि मी चार फाडतो. डॉक्टर म्हणाले ब्लडप्रेशर आहे, टेन्शन घेऊ नका. आता टेन्शन काय आपण मागून घेतो?

परवा शिरूर अनंतपाळकडचे एक वृद्ध जंगम अय्या दुकानी आले होते. त्यांना हे सांगितले. ते म्हणाले, गळ्यातले लिंग तळहातावर घे, त्याच्याकडे बघत बस, मनही बसेल. अक्का, मला एकदम पटले. लहानपणी लिंगधारणा झाली, पण मी आपला कपाळाला लावून दुकानाकडे पळणारा. आता संक्रांतीपासून रीतसर सुरू करतो. त्रिकाळ पूजा, प्रत्येक पूजेआधी अंघोळ, आणि पाणी मडीचेच. म्हणजे आपल्या आजीच्या वेळेसारखे, बाईने न्हाऊन, ओलेत्याने, वाटेत कुणालाही न शिवता आणलेले. दुष्काळामुळे गल्लीत टँकर येतो, पण त्या नळीला कोण कोण हात लावते देव जाणे. ते पाणी देवघरात चालणार नाही. शेषेराव पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी आहे, तेथून पार्वती आणील. तिची प्रकृती ठणठणीत आहे.

माझी साधना निर्विघ्न होवो असा आशीर्वाद दे. मनाने अस्थिर परंतु लोभाने स्थिर असा,

तुझा रेवणसिद्ध


नांदेड, दि. १८ जानेवारी १९८३

चि. रेवणसिद्धास नागम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की सून स्वयंपाकघरातून पळत आली, तिला वाटलं म्हातारीला ठसका लागला. आरं बाबा, जिल्हा झाला लातूर, अन् बढती पाहिजे तुला! खुर्ची न्हाई भेटली म्हणून आता देवापुढचा पाट धरलास व्हय? करून करून भागला अन् देवपूजेला लागला म्हणतात ते खोटं न्हाई. तू तर काही न करताच भागलास.

लिंगपूजेची थट्टा मी करणार न्हाई, थट्टा करते ती तुझी. मन तुझं, पूजा तुझी, मग घागर पार्वतीच्या डोक्यावर कामून? ह्याला म्हणतात आयजीच्या जिवावर बायजी उदार. लोक अंघोळीचं पाणी जपून भांड्याला वापरून राहिलेत, अन् हे महाराज दिवसातून तीनदा न्हाणार! आजीच्या वेळेला आड वाड्यात होता, पाटलाच्या मळ्यात नव्हता.

दिवाळीत आले तेव्हा पार्वतीचे गुडघे सुजलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ती तोंडानं काही बोलायची न्हाई. तिला न बोलण्याचंच वळण लावलंय, माहेरानं थोडं अन् आपण बाकीचं. मला भ्या वाटतं ते तिचं. तिला काही झालं तर तुझी शांती घेऊन मी चाटू का?

पाणी टँकरचं घे, देव रागवत न्हाई. लोभ हायच, तो मागायची गरज न्हाई.

तुझी अक्का, नागम्मा


लातूर, दि. ६ मार्च १९८३

ती. अक्कास रेवणसिद्धाचे सा. न. वि. वि.

तुझे पत्र पूजेच्या आधी वाचले, त्यामुळे त्या दिवशी चित्त लागले नाही. यापुढे तुझी पत्रे जेवणानंतर वाचायची असे ठरवले आहे.

प्रगती उत्तम आहे. कालच गुंडप्पा समोरून गेला, तरी मला राग आला नाही. फक्त त्याचे धोतर मळके आहे एवढेच मनात आले. घरात शांतता राहावी म्हणून कुकरची शिट्टी काढून ठेवली आहे. शेजारच्या कस्तुराबाईंना रेडिओ हळू लावा म्हणून सांगितले, तर त्यांनी तो खिडकीत आणून ठेवला. असो, त्यांचे कर्म त्यांच्यापाशी.

पाटलांच्या विहिरीने तळ गाठला. आता पार्वती त्यापुढच्या मळ्यात जाते. लांब आहे, पण वाटेत माणसे कमी, त्यामुळे शिवाशिव होत नाही ही एक सोय झाली.

आणखी एक आनंदाची वार्ता. माझ्या साधनेचा परिणाम पार्वतीवरही दिसू लागला आहे. तिचा आहार आपोआप सुटत चालला. सकाळचा चहाही घेत नाही. दुपारी मी जेवताना वाढते, पण स्वतः बसत नाही, मागून घेते म्हणते. चेहरा तपस्विनीसारखा झाला आहे. एकाने साधना करावी आणि घर तरावे, हे मी प्रत्यक्ष पाहतो आहे.

तुझ्या लोभाचा अधिकारी,

रेवणसिद्ध


नांदेड, दि. १४ मार्च १९८३

चि. सौ. पार्वतीस आशीर्वाद.

हे कार्ड तुझ्या नावानं टाकते, त्याच्या न्हाई. तो लिहितो की तुझं जेवण सुटलं, अन् बावळट त्यात खूश हाय. जेवण आपोआप सुटत नसतं माय, एक तर रोगानं सुटतं न्हाई तर जाचानं. तुला कोणतं झालंय ते मला खरं खरं लिही. मला बहीण समजून लिही.

नागम्मा


लातूर, दि. २५ मार्च १९८३

ती. अक्कांच्या पायी पार्वतीचा शरणार्थ.

तुमचं कार्ड मिळालं. मला रोग नाही. भूकही लागते, लई लागते. पण माझ्याही गळ्यात लिंग आहे. पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, हे मी आठ वर्षांची असल्यापासून पाळत आले, ते आता मोडवत नाही.

झालंय असं की सकाळची खेप यांच्या अंघोळीला अन् पूजेला जाते. ती झाली की दुपारच्या पूजेची खेप. मग संध्याकाळची. मधी तांब्याभर उरलं तर मी बसते, त्याला कधी तीन वाजतात, कधी दिवस मावळतो. कधी उरतच नाही. मला टँकरचं चाललं असतं, पण ते देवघरात न्यायचं नाही असं यांनी ठरवलंय. त्यांना विचारावं म्हटलं तर सकाळी त्यांचं मौन असतं अन् दुपारी झोप.

तुम्ही त्यांना यातलं काही लिहू नका. मन विचलित झालं तर साधना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते असं ते म्हणतात. पहिल्यापासून सुरू झाली तर मी काय करू?

माया आहे ती असू द्यावी.

पार्वती


लातूर, दि. २१ एप्रिल १९८३

ती. अक्कास रेवणसिद्धाचे सा. न. वि. वि.

एक किरकोळ प्रकार घडला, काळजी करू नये. सोमवारी दुपारी, संध्याकाळच्या पूजेची खेप आणताना पार्वती मळ्याच्या वाटेवर चक्कर येऊन पडली. लोकांनी बैलगाडीत घालून घरी आणले. आता ती बरी आहे. घागर मात्र चेपली.

पण अक्का, त्या दिवशी माझ्या मनाची खरी परीक्षा झाली. मी नुकताच दुपारच्या पूजेला बसलो होतो. दारात हा गलका! कोणी म्हणते पार्वतम्मा गेली, कोणी म्हणते तोंडावर पाणी मारा. कस्तुराबाई तर माझ्या नावाने ओरडत देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. वर्षापूर्वीचा रेवणसिद्ध असता तर धावत सुटला असता. मी मात्र लिंगावरची नजर हलवली नाही. पापणीसुद्धा लवली नाही. पूजा पुरती केली, विभूती लावली आणि मगच बाहेर आलो. तोवर कस्तुराबाईंनी रिक्षातून तिला दवाखान्यात नेलेही होते. अय्यांना हे कळवायला हवे.

डॉक्टर म्हणतात रोग काही नाही, बाई उपाशी आहे. मला नवल वाटले. घरात ज्वारीची पोती भरलेली आहेत.

आता प्रश्न पाण्याचा. तुझ्या माहितीत कोणी सोवळी, विश्वासू बाई असल्यास कळवावे.

तुझा लोभ माझ्या साधनेइतकाच अखंड राहो.

रेवणसिद्ध


नांदेड, दि. ४ मे १९८३

रेवणसिद्धास,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई, तरी सवयीनं लिहिते, की बाबा, सुखी राहा.

पार्वतीला घेऊन सुखरूप पोचले. स्टँडवर तू मला विचारलंस की आल्यापासून मी तुझ्याशी एक शब्द कामून बोलले न्हाई. बोलले असते तर सगळं लातूर जमलं असतं, अन् तेवढ्या गर्दीपुढं तुला आनंदच झाला असता.

आता ऐक. तिनं लिहू नको म्हणून हात जोडले होते, म्हणून महिनाभर गप्प बसले, अन् त्याचा मला पस्तावा हाय. ती उपाशी होती कारण तिची पूजा झालेली नसायची. पूजा झालेली नसायची कारण तिनंच आणलेलं पाणी तू न्हाऊन सांडून टाकायचास. तुझ्या घरात दोन लिंगं हायत, रेवणसिद्ध. एकाची त्रिकाळ पूजा, अन् दुसऱ्याला तांब्याभर पाणी न्हाई! तू तिला तपस्विनी म्हणालास. आरं, ती भुकेनं वाळत होती. अन् बायको दारात मेल्यागत पडली तरी पापणी लवली न्हाई म्हणून लिहितोस? लाज कशी वाटली न्हाई? ते खांबालाबी जमतं.

तुझे ते अय्या इथं एका लग्नात भेटले, त्यांना धरून विचारलं. म्हातारा भला माणूस. म्हणाले, मी फक्त बघत बस म्हणालो होतो. पाणी चुळीभर बस्स, टँकरचं असो का गोदावरीचं. मडी, मौन, तीन अंघोळी, कुकरची शिट्टी, हे सगळं तुझ्या पदरचं हाय. मी त्यांना पार्वतीचं सांगितलं तर ते ताट तसंच सोडून उठले.

इथं नळाला सकाळी पाणी असतं. पहिल्या दिवशी ती पूजेला बसली ती उठेचना. मी दोनदा डोकावून आले. भाकरी गार झाली, तरी तिला हाक मारावी असं मला वाटलं न्हाई. ती इथंच राहील. पाठवायचं का न्हाई हे ती ठरवील, तू न्हाई अन् मी बी न्हाई.

नागम्मा


लातूर, दि. २६ मे १९८३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पूजेच्या आधीच वाचले. पुन्हा पुन्हा वाचले. तरी हट्ट जात नव्हता. म्हटले एक बाई आणू शकते तर मी का नाही, आणि मडीने पाणी आणायला स्वतःच निघालो.

पहिल्या खेपेला चौकात एका सायकलवाल्याचा धक्का लागला. घागर ओतून परत गेलो. दुसऱ्या खेपेला विहिरीवर गुंडप्पाचा गडी माझ्यापुढे घुसला, त्याच्याशी हातघाईवर आलो, म्हणजे पुन्हा शिवाशिव. तिसऱ्या वेळी एक कुत्रे पायात आले. कुत्र्याचे चालते असे मी तिथल्या तिथे ठरवले. घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आले होते आणि मान जागची हलत नव्हती. लिंग हातावर घेतले, तर डोळ्यांपुढे नुसती भाकरी.

अक्का, मी पूजा न करता जेवलो. उभ्यानेच, शिंक्यातली शिळी भाकरी. जन्मात असे कधी केले नव्हते. खाताना लक्षात आले की ती रोज हे करत होती आणि खात नव्हती. माझ्याच ताटात वाढत होती आणि खात नव्हती. मी घरात डोळे उघडे ठेवून बसलो होतो ना गं, मग मला दिसले कसे नाही?

टँकरच्या रांगेत माझी बादली लावली आहे. सोमवारी नांदेडला येतो. ती येईल का, हे तूच विचारून ठेव. मला विचारायला तोंड नाही.

लोभ मागण्याची पात्रता नाही, तरी मागतो.

रेवणसिद्ध


लातूर, दि. १९ जून १९८३

ती. अक्कांच्या पायी पार्वतीचा शरणार्थ.

आम्ही सुखरूप पोचलो. मृग कोरडाच चाललाय. तुम्ही दिलेलं लोणचं वाटेत सांडलं नाही. आल्या आल्या कस्तुराबाईंनी मला पोटाशी धरलं अन् यांच्याकडं बघून दार लावून घेतलं.

पाणी हेच भरतात. टँकरचं. त्यातलं पहिलं तांब्याभर देवघरात ठेवतात अन् सकाळी मी आधी बसते. त्यांची पूजा आता एकदाच, मागून, थोडक्यात. मन शांत झालं असं काही म्हणता येत नाही. रांगेत रोज कुणाशी तरी भांडून येतात, नळी कुणी आधी धरली यावरून. पण घरी आले की भाकरी खातात अन् पडल्या पडल्या घोरतात. त्यांच्या मनाला भांडणच मानवतं, असं मला वाटून राहिलंय. डॉक्टरसुद्धा म्हणाले ब्लडप्रेशर उतरलंय.

काल त्यांनी मला विचारलं, की तू एवढा वेळ लिंगाकडं बघत बसतीस, तुला काय दिसतं? एवढे महिने बसून त्यांना काहीच दिसलं नव्हतं, हे त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं. मी खरं ते सांगितलं. मी म्हणाले, मलाही काही दिसत नाही. पण तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही, म्हणून बरं वाटतं. ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, समजलं बाई एकदाचं.

आज सकाळी मी बसले अन् जरा वेळानं बाहेरून हाक आली, आगं माझा टॉवेल कुठं ठेवलास म्हणून. मग आणखी एक. मग जरा मोठ्यानं. मी बसून राहिले. पूजा पुरती केली, विभूती लावली अन् बाहेर आले. ते ओट्यावर बसलेले, टॉवेल त्यांच्या खांद्यावर. माझ्याकडं बघितलं अन् टॉवेल दुसऱ्या खांद्यावर टाकला. मी चूल पेटवायला गेले.

लग्नाला तीस वर्षं होत आली. त्यांनी हाक मारली अन् मी ओ दिली नाही, असं आज पहिल्यांदा झालं. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुमच्या मायेतली,

पार्वती