रिमांड म्हणजे वापस

१२ नोव्हेंबर
अपिलाचा निकाल. माझं स्वतःचं पहिलंच अपील. कौसाबाईची (पुढं नुसतं कौ.) भावाविरुद्ध विहिरीच्या पाण्याची केस. खालच्या कोर्टानं विहिरीचा मुद्दाच काढला नव्हता, दावा फेटाळलेला. आज अपिलाच्या जजसाहेबांनी तो निकाल रद्द करून केस रिमांड केली. नव्यानं पुरावा, नव्यानं निकाल. जिंकलो नाही, पण हरलो तर नाहीच.
घरी आईला सांगितलं, रिमांड मिळाला. तिचा लाटणं धरलेला हात थांबला. "कुणाला?"
कौ.ला फोन. बंद.

१४ नोव्हेंबर
फोन अजून बंद. तिचं गाव चारठाणा गावाच्या पुढं; शेवटी तिथल्या किराणा दुकानदाराला फोनवर गाठलं. म्हणाला, कौसाबाई शेळ्या घेऊन गेली निघून. तिचा भाऊ किसन गावभर सांगायलाय, बहिणीला रिमांड झाला, आता पोलीस येणार. मोबाईलवर निकाल बघितला असेल, तेवढाच एक शब्द ओळखीचा.
तिची लेक पोखर्णीला दिलीय. तिथंच असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार
पोखर्णी. सापडली. लेक "जयभीम ताई" म्हणून पाणी घेऊन आली. कौ. जागची उठली नाही.
"वकीलबाई, मला कोंडणार असतील तर आधी सांगा. शेळ्या लेकीवर किती दिस टाकू?"
सांगितलं, माणसाचा रिमांड वेगळा, केसचा वेगळा. सरकारी मराठीत प्रतिप्रेषण. तो शब्द तर तिच्या डोक्यावरूनच गेला. मग म्हटलं, "मावशी, केस वापस आली. खालच्या कोर्टात. आता तुमच्या विहिरीचं ऐकतील."
तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग, "वापस येणं बरं का वाईट?"
नवऱ्यानं टाकल्यावर ती स्वतः अशीच बापाकडं वापस आलेली. बापानं एक तुकडा दिला, विहिरीच्या पाण्याची पाळी दिली. सगळं तोंडी. बाप गेला, अन् किसननं पाळी बंद केली.
म्हटलं, "ह्या बारीला बरं."
मग चहा झाला.

१८ नोव्हेंबर
बारच्या लायब्ररीत जुना कायदेकोश. मूळ लॅटिन. 'रि' म्हणजे परत, पुढचं 'मांदारे' म्हणजे सोपवणे, हुकूम देणे. काहीजण त्यात 'हात' बघतात, हातात देणे. इंग्रजीत आधी साधंच, परत पाठवणे. आरोपीला परत कोठडीत धाडणे हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्याकडं तोच येऊन मुक्कामाला राहिला. दुसरा, केस परत धाडणे, आम्हा काळ्या कोटवाल्यांपुरता.
अन् त्यापायी एक बाई गाव सोडून जाते.
निकाल एका पानात मराठीत लिहून द्यायचा तिला. प्रतिप्रेषण हा शब्द अजिबात नाही.

२ डिसेंबर
कौ.चा फोन. गावी परतली. ते पान दुकानदाराकडून मोठ्यानं वाचून घेतलं म्हणे, किसन तिथं असताना. सांगताना हसायली. तो काय म्हणाला? तंबाखू मळत उभा.
हरभरा पेरलाय, पाण्याची खात्री नसताना.
खालच्या कोर्टात कौ.च्या साक्षीचं प्रतिज्ञापत्र दाखल. किसनच्या वकिलांनी मुदत मागितली. नेहमीचंच. पण इथल्या साहेबांनी एकच तारीख दिली.

९ जानेवारी
कौ.ची उलटतपासणी. निळं पातळ, पदर घट्ट खोचलेला. पिंजऱ्यात कठडा धरून उभी राहिली.
किसनच्या वकिलांनी नाव-गाव विचारून सरळ विहिरीलाच हात घातला. विहीर किसननं खोदली, हे खरं ना.
"न्हाई. बापानं खोदली. माती म्या उपसली. ह्यो तवा शाळंत व्हता."
साहेबांनी मान वर केली. स्टेनोला वाक्य सांगितलं, तिच्याच शब्दांत. मागच्या बाकावर किसन. मला वाटलं, आता हा उठून काहीतरी म्हणेल. बसूनच राहिला.
पुढचा प्रश्न येईतो कोर्टाची वेळ संपली. उलटतपासणी अपुरी. पुढच्या तारखेला अजून काय काय विचारतील, कोण जाणे. तोंडी दिलेल्या पाण्याला साक्षीदार लागेल. म्हातारी माणसं शोधायला पाहिजेत, आहेत तोवर.
कौ.ला सोडायला स्टँडवर गेले. किसन तिथंच, जरा लांब. त्यांच्या गावाला ही एकच गाडी. थोड्या वेळानं तो दोन पावलं पुढं आला, बहिणीला म्हणाला, "शाळा सुटल्यावर म्या पानी आणून द्यायचो तुला, इहिरीच्या खड्ड्यात. प्यायला. ते न्हाई सांगितलंस."
कौ. म्हणाली, "कुनी इचारलंच न्हाई."
गाडी लागली. दोघं चढले. आत कुठं बसले, ते गर्दीत दिसलं नाही.