सुमनच्या घरचं आगळ

फेब्रुवारी १९८४, शुक्रवार, दिवेलागण

आज शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलांना सरबत द्यायचं काम माझ्याकडे होतं. रंगीत पाणी पिऊ नका, घरचं कोकम प्या, हे आरोग्याच्या तासाला मीच सांगितलेलं. म्हणून तर पाचवीतली सुमन घरून कोकमाच्या आगळाची बाटली घेऊन आली. तोंडाला चिंधीचं बूच.

पण तपासणीला साहेब यायचे होते. त्यांच्यासमोर ती चिंधीच्या बुचाची बाटली मांडायची मला लाज वाटली. का वाटली? घरी मी रोज तेच पिते! बाटली कपाटात सारली आणि बाजारातली नारिंगी पूड पाण्यात कालवली. साहेबांनी नुसता चहा घेतला.

शाळा सुटल्यावर सुमनने विचारलं, "बाई, आमचं आगळ नाय वापरलंत?"

खरं सांगायचं सोडून तोंडून निघून गेलं, "अगं, ते खराब झालं होतं."

खराब! एवढं मीठ घातलेलं आगळ वर्षभर टिकतं, हे काय मला ठाऊक नाही? बाटली घरी आणली. आत्ता ते चिंधीचं बूच काढून चाखलं. उत्तम आहे.

पोरीने वाद घातला नाही. "बरं बाई. घरी बरणी भरून हाय. आयेला सांगते, सगळं ओतून टाक. धाकट्यालापण तेच देते ती."

तेव्हा तरी थांबवायचं होतं तिला. आणि मी काय म्हटलं?

"शहाणी आहेस."