दोन पिवळी कार्डं

चंद्रपूर,
फेब्रुवारी २००८

प्रिय धनराज,

पत्र पाहून हसशील. म्हणशील, या बाईनं मोबाईल विकला काय! नाई विकला. पण मेसेजमध्ये एवढं मावत नाही, आणि तुझा फोन तुझ्याआधी तुझे भाऊ वाचतात हे मला चांगलं ठाऊक आहे. तुझं लग्न जुळून राह्यलं, असं तुमच्या गावच्या मंगलीनं कळवलं. दिवसभर वॉर्डात काम केलं (नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे माझं), जेवलेही. मग खोलीवर येऊन खूप रडले. तुझ्यापासून काय लपवू?

राजुऱ्याचं कॉलेज आठवतं? आणि बसस्टँडमागचं शालिकरामभाऊंचं इंटरनेट कॅफे? आपल्या पहाडावरच्या लोकांना काही विचारायचं असलं की ते तुला गाठायचे. कुणाचा दहावीचा निकाल, कुणाला पोलीस भरतीची तारीख, कुणाला कापसाचा भाव. तू सगळं तळहातावर लिहून आणायचास, एकेक शोधायचास आणि सुट्टीत गावभर सांगत फिरायचास. "धनराजले विचारा, त्याले कम्प्युटर सांगते," असं म्हातारे म्हणायचे, आणि तुझी छाती फुगायची. गावी पोचलास की टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, जिथं रेंज यायची, तिथं चढून मला मिस्ड कॉल द्यायचास. मी तो उचलायचा नाही, हे ठरलेलं. एक रिंग म्हणजे पोचलो, बरा आहे.

मग घरच्यांनी लग्नासाठी आपल्या कुळांचे देव पाहिले. तुमचे सहा, आमचे सात. एकाच देवांचे निघालो असतो तर भाऊबहीण ठरलो असतो, लग्नाचा विषयच संपला असता. तसं झालं नाही म्हणून माझे बापूजी किती खूश होते! त्याच दिवसांत कॉलेजात सिकलसेलसाठी रक्त तपासायला आले. तुझं कार्ड पिवळं, माझंही पिवळं. तू दोन्ही कार्डं शेजारी धरून वर्गभर नाचलास. "देवानं जुळवलं, आता सरकारनं बी जुळवलं!" तपासणाऱ्या बाई सांगत होत्या, पिवळं म्हणजे तुम्ही आजारी नाही, पण लग्नाआधी विचारायला या. तुझ्या दंग्यात ते कुणाला ऐकू गेलं?

मीही विसरलेच असते. पण एकदा कॅफेत कार्डावरचा तो शब्द टाइप केला, उगाच, तुझ्यासारखी हुशारी करायला. पान ओळीओळीनं खाली उघडत गेलं. सगळं इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसले. लहान मुलांचे हातपाय सुजतात. डोळे पिवळे होतात. हाडं इतकी दुखतात की मूल किंचाळत राहतं. धनराज, तो माझा कोलू होता रे! माझा धाकटा भाऊ. त्याच्यासाठी किती कोंबड्या कापल्या, किती जणांनी बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, आणि शेवटी तो आईच्या मांडीवरच गेला. त्या दुखण्याला नाव होतं, उपचार होते, आणि आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तो असता तर त्याचं कार्ड लाल, आजारवाल्याचं निघालं असतं.

मग मी पुढचं विचारलं. दोघंही पिवळे असले तर? उत्तर आलं, प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका लाल कार्डाच्या बाळाचा. शालिकरामभाऊ म्हणाले, "काऊन बाई, रडून राह्यली? नापास झाली काय?" मी हो म्हटलं.

सगळं समजून, तपासण्या करून लग्न करणारेही असतात, तेही वाचलं होतं. पण कोलूला धरून बसलेली आई डोळ्यांपुढून हटेना. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, पाहून घेऊ. तू तसाच आहेस. आणि मी लगेच तुझं ऐकलं असतं. म्हणून बापूजींना सांगितलं. त्यांना कम्प्युटरमधलं काय कळणार? मी म्हटलं, "बापूजी, घरचे देव येगळे हायेत, पण आमच्या रक्तातला देव एकच निघाला." ते म्हणाले, "मंग नाई होत बाई हे लगन." कोलूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. तुमच्या घरी त्यांनी पोरीला पुढं शिकायचं आहे एवढंच सांगितलं. तू रागानं माझा नंबर खोडलास म्हणे. खोड बापा. तुला पाठ आहे तो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगली म्हणते, मुलीकडचे देव पाहून झाले, मोठी माणसं खूश आहेत. कार्डाचं कुणी विचारलेलं नाही. साऱ्या पहाडाचं शोधून देणारा तू, स्वतःचं कधी शोधलंच नाहीस ना? तिला घेऊन दवाखान्यात जा. लाजू नको, मी बापूजींना सांगितलं तसं तिच्या बापाला देवाच्या भाषेत सांग. तिचंही पिवळं निघालं तर माझ्यासारखं एकट्यानं ठरवू नका, दोघं मिळून डॉक्टरांसमोर बसा. आणि पांढरं, म्हणजे काहीच दोष नसलेलं, निघालं तर लग्न कर, सुखानं कर. मी नाचायला येणार नाही, एवढंच. फक्त त्या दिवशी मोहाखाली चढ आणि एक मिस्ड कॉल दे. नंबर तोच आहे. मी उचलणार नाही.

या कागदापुरती तरी तुझीच,
ललिता