डावी पापणी आणि मोऱ्याची लाँच

मोरा, उरण
१२ फेब्रुवारी १९६३

तीर्थरूप भागीरथीवहिनींना काशीचा साष्टांग नमस्कार (कंबरेला झेपला तेवढा). तुमचे गुडघे आणि दादाचा खोकला आता बरा असावा.

माझ्या डाव्या पापणीबद्दल पनवेलभर जे पसरलं आहे ते तुम्हीच पसरवलंत, हे मला ठाऊक आहे. भजनात मी डुलक्या घेत नव्हते आणि बुवांना डोळाही मारत नव्हते. वर्षभर रोज दुपारनंतर ती पापणी खाली यायची, एकाचे दोन दिसायचे, बोलता बोलता आवाज नाकात जायचा. मुंबईच्या डॉक्टरांकडे तीनदा गेले. दरवेळी आदल्या दिवशी मौन, भरपूर झोप, लाँचमध्येही डोळे मिटून (परक्यासमोर थकलेलं तोंड न्यायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण). त्यामुळे तिथे पोचेपर्यंत मी ताजीतवानी, पापणी जागच्या जागी, आणि डॉक्टर म्हणायचे, निवृत्तीनंतर बायकांना असं वाटतं. वाटतं! छत्तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं, मला उगाच काही वाटत नाही.

चौथ्या खेपेला जमुना कोळणीने ओली पाटी माझ्या मांडीला टेकवली. मोऱ्यापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत मी तिला स्वच्छता शिकवली. "ए मास्तरीनबाय, कोलंबी हाय ती, वाघ नाय! बोंबलतेस कनाला?" धक्का आला तेव्हा माझा आवाज बसला होता आणि मला दोन जमुना दिसत होत्या (एक पुष्कळ होती). ती घाबरली. पाटी सुनेकडे देऊन तिनेच मला हॉस्पिटलात नेलं.

त्याच डॉक्टरांनी पापणी पाहिली, छताकडे बघायला लावलं, ती आणखी पडली. मग एक इंजेक्शन. पंधरा मिनिटांत पापणी वर! "आय, डोला उघारला!" जमुना ओरडली. डॉक्टर म्हणाले, दमलं की नसेचा हुकूम स्नायूपर्यंत धड पोचत नाही. शरीराची राखण करणारं रक्तातलंच काहीतरी आपल्या स्नायूंवर उलटत असावं, असा हल्लीचा तर्क आहे. माफी मात्र मागितली नाही. आता गोळ्या घेते आणि संध्याकाळी वर्तमानपत्राची एकच ओळ एकदाच वाचते. सुखात आहे.

तुमची काशी

ता. क. : येत्या मंगळवारी हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर ही पापणी पडताना स्वतः बघणार आहेत, त्याशिवाय त्यांचा या रोगावर विश्वास बसणार नाही आणि गोळ्या बंद होतील. सकाळची गोळी न घेता, पुरती दमून यायला सांगितलंय. जमुनाशी आता भांडण जमत नाही, ती माझी जागा धरून ठेवते. तेव्हा तुम्ही सोमवारीच या. लाँचमध्ये माझ्या शेजारी बसा आणि मनात येईल ते बोला.

ता. क. २ : दादाला आणू नका. तो मध्ये पडून मिटवतो.