नळीत राहिलेली रेती

वहिनी,

मी लोहाऱ्याले कामावर चाललो, सांजच्याले येतो. वरण झाकून ठेवलं आहे, गरम करून घ्या. मागच्या अंगणातल्या बॉयलरले हात नका लावू. दादा गेला तेव्हापासून तो थंडाच आहे, तरी दुपारी त्याची शिट्टी आयकू येते, असं तुम्ही म्हणता. मलेबी येते. परवा मी नाही म्हटलं, ते खोटं होतं.

त्या बॉयलरची तांब्याची नळी गोल गोल वळवताना चेपू नये म्हणून आम्ही तिच्यात कोरडी रेती भरली होती. वळून झालं की ठोकून ठोकून सारी काढा लागते. ते काम दादानं मले देलं होतं. मी घाईनं आटपलं अन् 'झालं' म्हणून सांगितलं. हळद शिजवाले पहिल्यांदा जाळ लावला अन् नळी फुटली, त्यातच दादा गेला. सारं गाव म्हणते, दादानंच जाळ जास्त केला. मीबी मान हलवत राह्यलो.

काल ती नळी आरीनं कापली. आतल्या वेढ्यात मूठभर रेती गच्च बसून होती, वाफेची वाट तिनंच अडवली. वाटीत काढून दादाच्या फोटोखाली ठेवली आहे. फेकू नका. मी आल्यावर काय बोलाचं ते बोला.

आज शिट्टी वाजली तर दादाले म्हणा, दिगूनं खरं काय ते सांगितलं.

दिगांबर