तुमची खुर्ची तयार आहे

सोमवार, ९ ऑक्टोबर

नकाशेवाले साहेबांना नमस्कार.

सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहितात, पण ते लिहायला हात धजावला नाही. तुम्ही बरे असाल. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, हिच्या कानांचं होतं तसंच आहे, आणि जिन्यातला दिवा एकदाचा लागला.

लिहायचं कारण एवढंच की तुमची खुर्ची तयार आहे. ऑगस्टमध्ये टाकून गेलात ती. स्प्रिंगा नव्या घातल्या, कापड तुम्ही म्हणालात तेच, हिरवं. हमाल पाठवून घेऊन जा. स्वतः येऊ नका. दुकान घराच्या खालीच आहे आणि आमचं कुटुंब दुपारी चहा घेऊन खाली येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चार वर्षांपूर्वी तुम्ही नकाशे काढायचं ते उंच स्टूल दुरुस्तीला घेऊन आलात, तेव्हा तिने आणलेल्या चहातला अर्धा कप मीच तुम्हाला ओतून दिला होता. त्या अर्ध्या कपाचा विचार मी फार वेळा केला आहे.

तिचं १ सप्टेंबरचं पत्र तुम्हाला मिळालं ना? पेटीत मीच टाकलं. कुठे अडकलं तर नाही म्हणून आत बोटं घालून बघितलं, पोस्टमन माझ्याकडे बघत उभा होता. मिळालं असेल तर तुम्हाला कळलंच आहे, की ती आता गुरुवारी येणार नाही आणि रविवारीही येणार नाही.

तुम्हाला वाटेल म्हाताऱ्याने कोंडून घातली. म्हणून माझी बाजू लिहितो. सहावीत शाळा सोडलेला माणूस आहे, तुमच्यासारखं रेखीव जमणार नाही.

दोन वर्षांपूर्वी ती जेवताना म्हणाली, “अहो, मला तुम्हाला सोडायचं नाही. मला त्यांनाही सोडायचं नाही. आणि चोरून काही करायचं नाही.” मी “बरं” म्हणालो. तोंडात घास होता, जास्त बोलता आलं नाही. मग ती तुमच्याकडे येऊ लागली. सांगून निघायची, आणि परत आल्यावर मी न विचारता सांगायची, आज त्यांनी एका जुन्या नदीचा नकाशा दाखवला. मला नदीचं काय करायचंय? मी दर वेळी तिला फाटकापर्यंत सोडायचो आणि परत येऊन चांगले खिळे वाकडे करायचो.

शेवटी तीच म्हणाली, तुम्ही असे कुढत बसण्यापेक्षा आपण तिघं एखाद्या जाणत्या माणसाकडे जाऊ. लेकीने कुठल्या संस्थेकडून यादी मिळवून पाठवली. वर लिहिलं होतं, ‘एकाहून जास्त माणसांशी उघडपणे नातं असणाऱ्यांना नावं न ठेवता ऐकून घेणारे समुपदेशक’. खाली पाच नावं. फोनवर हिच्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, त्यामुळे फोन करायचं काम माझ्याकडे आलं. आधी आम्ही दोघांनी बघून यायचं आणि योग्य माणूस भेटला की तुम्हाला बोलवायचं, असं ठरलं होतं.

पहिल्या गृहस्थांनी हिला वय विचारलं, सदुसष्ट म्हणाल्यावर हसले. आम्ही उठलो. त्यांचा सोफा दोन जणांचा, दाराच्या बाजूने दबलेला. येणारा प्रत्येक जण पळायच्या तयारीत बसत असणार. दुसऱ्या बाई मात्र मला म्हणाल्या, “काका, तुमच्यावर अन्याय होतोय, ओळखीचा वकील देऊ का?” मला दहा मिनिटं फार बरं वाटलं. मग त्या हिच्याकडे वळून म्हणाल्या, “या वयात थोडी तरी लाज बाळगायची.” तेव्हा मी म्हणालो, “बाई, तिला काही बोलायचं असेल तर मी घरी बोलेन, तुम्ही नाही.” तिसऱ्याला सगळं तपशीलवार हवं होतं, कोण कुठे बसतं, किती वाजता, दार लावतात का. ही म्हणाली, “तुम्हाला मदत करायची आहे की सिनेमा काढायचा आहे?”

चौथ्या बाईंनी फोनवरच नाही म्हटलं. पाचव्यांचा फोन लागला नाही. म्हणून ही थकली आणि तिने तुम्हाला ते पत्र लिहिलं. माझा त्यात काही हात नाही.

तेव्हा हमाल पाठवा. खाली ‘आपला’ लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

आपला,
सोफेवाला


शुक्रवार, २० ऑक्टोबर

नकाशेवाले साहेबांना नमस्कार.

हमाल आला नाही, तुमचं पत्र आलं. अक्षर छापल्यासारखं. मी ते दुकानात उभ्यानेच वाचलं. हिला दाखवलं नाही, तुम्ही दाखवा असंही कुठे लिहिलेलं नाही.

तुम्ही लिहिता, खुर्चीची घाई नाही. मग बरं झालं, कारण खरं सांगायचं तर ती तयार नाही. उघडून ठेवली आहे. मागच्या पत्रात तयार म्हणालो ते तुम्ही या बाजूला येण्याचं निमित्त संपावं म्हणून.

तुम्ही तिच्या कानांची चौकशी केली आहे. कान आमच्या घरात आहेत, त्यांची काळजी घ्यायला मी आहे.

पुढे लिहिता, तिचा निर्णय तुम्हाला मान्य आहे, पण दिवस सरत नाहीत, स्वतःपुरतं तरी कुणाशी बोलावं म्हणता, तेव्हा ती यादी पाठवा. तिघांना घ्यायला चौथ्या बाईंनी नकार दिला असला तरी एकट्या माणसाला कदाचित घेतील, म्हणून त्यांना फोन करून बघता.

यादी हरवली. काथ्याच्या पोत्याबरोबर गेली असेल. आणि चौथ्या बाईंच्या नादी तुम्ही लागू नका. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, तुमचं वय चौसष्ट. सोमवारी तर त्यांना अजिबात वेळ नसतो.

तुमचे दिवस सरत नाहीत, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. सकाळी झालाही थोडा. पण आमच्याकडचं सांगतो. ती आता सगळे दिवस घरी असते. कपाटं आवरून झाली, पडदे धुऊन झाले. माझ्याशी चांगली वागते, गुडघ्याला शेक देते. गुरुवारी चार वाजता ती खिडकीत जात नाही, मुद्दाम जात नाही, आणि ती जात नाही हे मला दिसतं. जेवायला बसलो की मी काही सांगतो, ती “हं” म्हणते. मी परत सांगतो, ती परत “हं” म्हणते. ती घरात असते आणि मी तिची वाट बघत असतो. पूर्वी निदान ती सहा वाजता परत यायची.

तुम्ही तिला काय म्हणून हाक मारता, हे मी कधी विचारलं नाही. विचारतही नाही.

पुन्हा पत्र लिहू नका.

तिचा नवरा


गुरुवार, २ नोव्हेंबर

नकाशेवाले,

आधीच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. यादी हरवलेली नाही. ती माझ्या अवजारांच्या पेटीत तळाशी आहे.

चौथ्या बाईंनी नाही म्हटलं नव्हतं. २९ ऑगस्टला त्यांनी स्वतःहून उलट फोन केला. मी अडखळत सगळं सांगितलं, त्या हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “तिघंही या. आधी एकेकटे आलात तरी चालेल. तुमच्यासारखी घरं मी पाहिली आहेत, तुम्ही काही पहिले नाही.” मी फोन ठेवला. ही समोर उभी होती, माझ्या ओठांकडे बघत. “काय म्हणाल्या?” मी मान हलवली. नुसती आडवी मान हलवली आणि मूठभर खिळे तोंडात टाकले. आमच्या धंद्यात तोंडात खिळे असले की माणसाला कुणी बोलायला लावत नाही. पाचव्यांना मी फोन केलाच नाही. तीन दिवसांनी तिने तुम्हाला पत्र लिहिलं आणि ते टाकायला माझ्याच हातात दिलं.

मला वाटलं होतं, आता झोप लागेल.

मग मी तुमची खुर्ची उघडली. प्रत्येक खुर्चीत बैठक आणि पाठ यांच्या खाचेत काहीतरी सापडतं. बटणं, कंगवे, एकदा तर कवळीतला दात. तुमच्या खुर्चीत सात सेल सापडले. कानाच्या मशीनचे, वाटाण्याएवढे, वापरून संपलेले. तिची सवय आहे, सेल बदलला की जुना मांडीजवळ ठेवते आणि विसरते.

आता हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्या घरी ती मशीन लावत नाही. हातोडीचा त्रास होतो म्हणून काढते, बशीत ठेवते, आणि संध्याकाळी हातोडी थांबली तरी ते बशीतच असतं. आमच्याकडे सेल संपत नाही. तुमच्याकडे सात संपले.

मी मनात बरंच काही आणून बसलो होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते सगळं मी गिळलं होतं. पण ती तुमच्याकडे येऊन ऐकत बसते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

ते सेल खिशात घालून ११ सप्टेंबरला, सोमवारी, मी चौथ्या बाईंकडे गेलो. एकटा. त्यानंतर दर सोमवारी. या सोमवारपर्यंत आठ वेळा. घरी सांगायचो, गिऱ्हाइकाच्या सोफ्याचं माप घ्यायला जातो. आठ आठवडे एकाच सोफ्याचं माप. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कशाचा राग येतो? मी सात सेल टेबलावर ठेवले. आणि मग मी एक तास बोललो. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोललेलो नाही. दुसऱ्या सोमवारी मी नवीन शर्ट घालून गेलो. हसू नका.

त्या मला विचारायच्या, मी तिघांनाही या म्हटलंय हे तुम्ही बायकोला का सांगत नाही? चौथ्या की पाचव्या वेळी खरं उत्तर तोंडून निघालं. म्हणालो, सांगितलं तर ती इथे येईल. मग ते येतील. मग ही खोली माझी एकट्याची राहणार नाही. बाई म्हणाल्या, “तुमची गोष्ट मी बाहेर सांगणार नाही. पण ती लपवून ठेवायला मदतही करणार नाही. तिचं ओझं तुमच्यासाठी मी पेलणार नाही.”

आणि मग तुमचं पत्र आलं, यादी पाठवा म्हणून. तुम्ही त्यांना एक फोन केला असता तर सगळं उघडं पडलं असतं, ती भीती होतीच. पण त्याहून जास्त हे टोचलं, की तुम्ही त्या सोफ्यावर बसणार. बायको झाली, आता माझ्या बाईही हव्यात याला. असंच आलं मनात, शब्दाला शब्द. जिना उतरताना स्वतःची लाज वाटली. आमच्या तिघांत चोरून कुणी कुणाकडे जात असेल, तर तो मी निघालो. तुम्ही दोघांनी कधी काही लपवलं नाही. लपवलं असतं तर मला बरं पडलं असतं.

मंगळवारी सकाळी मी तिला सांगायला बसलो. हातोडी खाली ठेवली. म्हणालो, “तुला एक सांगायचंय, ती चौथी बाई…” ती म्हणाली, “थांबा.” उठली, बशीतून मशीन घेतलं, दोन्ही कानांत नीट बसवलं, समोर येऊन बसली. “हं. आता सांगा.”

सगळं सांगितलं. तोंडात काही नव्हतं, त्यामुळे थांबताही येईना.

ती रागावली नाही असं नाही. कप उचलला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला, तेवढंच. मग म्हणाली, “किती वेळा गेलात?”

“आठ.”

“आणि माझ्यासाठी ते दार बंद आहे म्हणालात.”

“हो.”

“त्यांच्याशी बोलून बरं वाटतं?”

“हो.”

“मला सोडून त्यांच्याकडे राहायला जावंसं वाटलं?”

“छे, काहीतरीच काय.”

“बरं,” ती म्हणाली. “म्हणजे बाहेर तुमचंही एक माणूस आहे, आणि घरही हवं आहे. मग आता तरी कळलं असेल.” पुढे म्हणाली, “नकाशेवाल्यांना मी पत्र लिहिणार नाही. माझ्याकडून जे पत्र लिहून घेतलंत, त्याचं उत्तर तुम्हीच लिहा. सगळं लिहा. शर्टाचंसुद्धा.”

ते मी लिहिलं.

काल बाईंना फोन केला. त्यांनी गुरुवार, ९ तारीख, दुपारी चारची वेळ दिली आहे. मुख्य रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर दुसरा मजला, डावीकडचं दार. फोन नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे, दोनदा तपासून. जिना अरुंद नाही, तेही खोटं होतं. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. ती येणार आहे. ती तुमच्याकडे पुन्हा यायला लागेल का, हे मला माहीत नाही. माझ्याकडे राहील का, हेही तिने सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, गुरुवारी बोलू, तिघांच्या समोर. माझ्या मनातली जळजळ गेलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही भलत्या आशेने याल. हे लिहितानाही तुमच्या अक्षराचा हेवा वाटतोय.

त्या खोलीत एकच सोफा आहे, दोन जणांचा, आणि एक बाईंची खुर्ची. मी आठही वेळा सोफ्याच्या एका टोकाला बसलो, दुसरं टोक तसंच कोरं आहे. बाई म्हणाल्या, शेजाऱ्यांकडून एक खुर्ची मागून आणते. मी म्हणालो, नको, माझ्याकडे एक आहे. तुमची खुर्ची आता खरोखर तयार आहे. काल दुपारी कापड चढवलं. कडेचे खिळे हातोडीने न मारता अंगठ्याने दाबून बसवले, त्याला तिप्पट वेळ लागला आणि अंगठा सुजला. ती शेजारच्या खोलीत होती. मंगळवारपासून तिने मशीन काढलेलं नाही.

खुर्ची मी हातगाडीवर घालून स्वतः घेऊन येतो. तिच्यात कुणी बसायचं ते तिथे ठरवू. खाचेत सात सेल परत ठेवले नाहीत, ते मी ठेवून घेतले आहेत.

वेळेवर या. तिला वाट बघायला लावू नका. ते माझ्याकडून दोन महिने करून झालं आहे.

तुमची खुर्ची घेऊन येणारा,
सोफेवाला