फोटोतले डोळे

आण्णा, तुम्ही गेल्यापासून मी सांभाळते आहे त्या आपल्या स्टुडिओत उद्या टीव्हीवाले येणार आहेत आणि मला भीती वाटते आहे. आजची कला आणि लोकांचं रोजचं जगणं यावर ते एक मालिका करतायत, आणि तिच्या एका भागात तुम्ही हाताने रंगवलेले नेवाशातले जुने फोटो दाखवायचे आहेत. ऐकून मी आधी हुरळलेच. मग आज दुपारी त्यांची दिग्दर्शिका जागा बघायला आली. तिने तुमच्या खणातले फोटो काउंटरवर ओळीने मांडले, बराच वेळ बघितले आणि म्हणाली, "काकू, या सगळ्यांचे डोळे एकसारखे कसे?" वडिलांच्या हाताची सवय, असं काहीतरी मी पुटपुटले. "हेच उद्या कॅमेऱ्यासमोर विचारते," म्हणाली.

माणूस गेल्यावर घरच्यांच्या लक्षात यायचं की त्याचा एकही फोटो नाही. मग तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही मिटल्या डोळ्यांचा फोटो काढून आणायचात आणि त्यावर ब्रशने उघडे डोळे रंगवायचात. मी लहान असताना एकदा तुम्हाला ते करताना पाहिलं, ते अजून डोळ्यांपुढे आहे: दाढीचा आरसा खिडकीला टेकवलेला आहे, तुम्ही आरशात बघताय, पुन्हा फोटोवर वाकताय. "आण्णा, हे तर तुमचेच डोळे!" मी ओरडले, तसा तुम्ही माझा दंड गच्च धरलात. "भाईर बोललीस तर बघ. घरच्यांना वाटतं, आपलं मानूस आपल्याकडं बघतंय. ते मोडायचं न्हाई." तुमची एवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

आपली शेजारीण आठवते ना? तिच्या जन्माच्या वेळीच तिची आई गेली, आणि गेल्यावरचा तिचा फोटो काढून डोळे तुम्हीच रंगवलेत. तो आधीचा आहे, आई धडधाकट असतानाचा, असं तिला घरच्यांनी सांगितलंय. शूटिंगचं कळल्यावर संध्याकाळी ती फोटो पदराने पुसत घेऊन आली. "ताई, माज्या आईलाबी टीव्हीवर दावा की. समदी म्हन्त्यात, माजं डोळं आईवर गेल्यात. जीव लई कावला की मी हिच्याकडंच बघती. उद्या मी हितंच बसनार." मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार? ती फोटो परत घेऊन गेली, उद्या नवा हार घालून आणते म्हणाली.

खरं सांगितलं तर त्या बाईला आई उरणार नाही. आणि एका घरातलं कळलं की गावातली सगळी घरं आपापल्या भिंतीकडे बघतील. म्हणून खोटंच बोलायचं ठरवलंय. हे पत्र लिहून झालं की फाडून टाकीन, कुणाच्या हाती लागायला नको. पण उद्या ती फोटो मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसेल, कॅमेरा सुरू होईल, आणि त्या फोटोतून तुम्ही माझ्याकडे बघत असाल. आण्णा, तुमच्या डोळ्यांत बघून खोटं बोलणं मला अजून एकदाही जमलेलं नाही.